यादी कोणाची, मत कोणाचं: आमच्या संस्थेच्या निवडणुकीचं प्रकरण

2023 मध्ये आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक झाली आणि मी निवडणूक अधिकारी होते. बँकेतून रिटायर झालेली बाई, हिशोब आणि शिक्के कळतात, म्हणून माझ्याकडे आलं ते काम. संस्थेचं नाव लिहीत नाही, कोणाचंच नाव लिहीत नाही, पण जे झालं ते सगळं क्रमाने लिहून ठेवते, कारण नंतर तीन वेगवेगळ्या संस्थांमधल्या लोकांनी मला फोन करून विचारलं की तुम्ही नक्की काय केलंत, आणि दरवेळी फोनवर पाऊण तास बोलून पण अर्धंच सांगून होतं.

आधी संस्था काय आहे ते. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आणि परीक्षेला लेखनिक, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते लिहून देणारा माणूस, मिळवून द्यायचा, एवढंच काम. सुरुवात झाली व्हॉट्सअॅपवर, परळच्या एका कॉलेजातल्या मुलाला सेमिस्टरच्या आदल्या रात्री लेखनिक मिळेना त्यावरून. तेव्हा एका ग्रुपमध्ये 256 च माणसं मावायची, ग्रुप भरला की दुसरा काढायचा, असं करत पश्चिम उपनगर, मध्य, हार्बर, ठाणे-कल्याण असे ग्रुप झाले. 2017 मध्ये सात जणांनी मिळून संस्था रजिस्टर केली, म्हणजे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. 1860 च्या कायद्याला निदान सात माणसं लागतात, आमची बरोबर सात होती. घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, कोणाच्या तरी ओळखीच्या मंडळाची आणली, नाव बदललं, उद्देश बदलले, बाकी तशीच ठेवली. कार्यकारिणी सातची, मुदत तीन वर्षं, मतदान "हात वर करून किंवा सभा ठरवेल त्या गुप्त पद्धतीने".

ही घटना एका हॉलमध्ये बसणाऱ्या माणसांसाठी लिहिलेली होती आणि आमचं काम तर ऑनलाइन चालायचं, सातशेच्या वर स्वयंसेवक, त्यातले निम्मे एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत. तरी सहा वर्षं काही अडलं नाही कारण निवडणूक अशी झालीच नव्हती. 2020 ची सभा म्हणजे दादरला एक हॉल, दहा-अकरा माणसं, गणपूर्ती (कोरम) नाही म्हणून अर्धा तास तहकूब, चहा, परत तीच माणसं त्याच खुर्च्यांवर, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही म्हणून ठराव पास, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सगळे बिनविरोध. नियमाला धरूनच होतं हे. पण सातशे माणसं ज्या कामात रात्री जागून आवाज देतात ते काम कोण चालवणार हे अकरा माणसांनी चहाच्या मध्ये ठरवावं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

2023 मध्ये पहिल्यांदा दोन बाजू पडल्या. भांडण वैयक्तिक नव्हतं. एक बाजू म्हणत होती की आता मोबाईल स्वतःच पुस्तक वाचून दाखवतो, रेकॉर्डिंगवरचा पैसा आणि वेळ कमी करून लेखनिकांवर भर द्या, दुसरी बाजू म्हणत होती की मराठी माध्यमाची जुनी पुस्तकं आणि हाताने लिहिलेल्या नोट्स कुठला मोबाईल धड वाचतो ते दाखवा. दोघांचंही खरं होतं. 10 जुलैला निवडणुकीची नोटीस निघाली, दोन्हीकडे कोण उभं राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका बाजूच्या उमेदवाराच्या ओळखीने एका कॉलेजमधून 38 मुलांनी एकदम सभासद फॉर्म भरले आणि दोनशे-दोनशे रुपये यूपीआय केले.

त्या रात्री माझा फोन थांबला नाही. ही बोगस नावं काढा म्हणून एका बाजूचा आग्रह. मला मुलं बोगस वाटत नव्हती, मी त्यातल्या चौघांशी स्वतः बोलले, दोघं आधीच लेखनिक म्हणून बसून आली होती. पण निवडणूक जाहीर झाल्यावर, उमेदवार कळल्यावर, एका माणसाच्या ओळखीने 38 मतं यादीत येतात हे काही ठीक नव्हतंच. हे आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. जगभरातले लोक मिळून जो ओपनस्ट्रीटमॅप नकाशा बनवतात, त्याच्या फाउंडेशनच्या 2018 च्या निवडणुकीआधी भारतातल्या एकाच कंपनीतून शंभराच्या आसपास माणसं एकदम सभासद झाली होती आणि त्यावर चौकशी बसली होती. म्हणजे जिथे सभासद व्हायला दोन मिनिटं आणि थोडे पैसे लागतात तिथे हे होणारच, आणि आमच्या घटनेत मतदार यादी कुठल्या तारखेची धरायची याबद्दल एक ओळ नव्हती.

मी घटना पुन्हा पहिल्यापासून वाचली. एक कलम सापडलं की अर्ज कार्यकारिणीने मंजूर केल्यावरच माणूस सभासद होतो. झालं, लोक म्हणाले, मुलांचे अर्ज मंजूर झालेलेच नाहीत, प्रश्न मिटला. मी म्हटलं थांबा, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, आणा. खजिनदार ताईंकडे वर्गणीच्या पावत्यांप्रमाणे 142 नावं होती, 38 नवी आणि 104 जुनी. प्रोसिडिंग बुकात पानं उलटत बसलो मी आणि त्या, मुलुंडला त्यांच्या घरी, संध्याकाळचे साडेसात ते रात्री अकरा, आणि 104 पैकी मंजुरीचा ठराव सापडला फक्त 43 जणांचा. बाकी 61 जणांनी पैसे भरले, पावती मिळाली, कामाला लागले, कोणीही कधी ठराव केला नाही. त्या 61 मध्ये चाळीस-चाळीस पुस्तकं रेकॉर्ड केलेली माणसं होती, आणि विद्यमान सचिव स्वतः होते.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा सगळा गाभा इथे आहे. ज्या कलमाने मुलं बाहेर जातात त्याच कलमाने 61 जुनी माणसं बाहेर जातात, आणि कलम एकाला लावायचं नि दुसऱ्याला नाही असं मी करणार नव्हते, मग मला अधिकारी ठेवा नाहीतर काढा.

कायद्यात काय आहे तेही बघितलं. 1860 च्या कायद्याचं कलम 15 सांगतं की सभासद म्हणजे जो संस्थेच्या नियमांप्रमाणे दाखल करून घेतलेला आहे आणि ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही. आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे दोन चाळण्या, आधी दाखल झालास का आणि मग थकबाकी आहे का. आमची वर्गणी 1 एप्रिलला देय, म्हणजे जुलै उजाडला की ज्याने भरली नाही तो गेला.

मग मी असं केलं. जुलैचा सगळा कार्यक्रम रद्द केला. 2 ऑगस्टला कार्यकारिणीची सभा घ्यायला लावली आणि 61 आणि 38 मिळून 99 अर्ज एकाच ठरावात ठेवले, सगळे घ्या किंवा सगळे नाकारा, निवडानिवड नाही. कारण कार्यकारिणीतले चार जण स्वतः पुन्हा उभे राहणार होते, त्यांनी एकेक नाव घेऊन हा हवा तो नको केलं असतं तर उमेदवारच मतदार निवडतोय असं झालं असतं. दीड तास वाद झाला आणि ठराव पास झाला. थकबाकीदारांना 31 ऑगस्टपर्यंत मुदत दिली, प्रत्येकाला मेसेज आणि फोन दोन्ही, अकरा जणांनी भरली नाही किंवा नंबरच लागले नाहीत. 1 सप्टेंबरला 131 नावांची यादी लावली, आठ दिवस हरकतींना, आणि त्यानंतरच उमेदवारी अर्ज, छाननी, माघार. आधी यादी, मग उमेदवार, हा क्रम बदलला तेवढ्याने अर्धं वातावरण निवळलं, कारण यादी लागल्यावर अर्ज भरायच्या आठवड्यात कोणी कितीही फॉर्म आणले तरी उपयोग नव्हता.

एक गोष्ट मात्र मला बोचली आणि ती सुटलेली नाही. कुर्ल्याच्या एक बाई आहेत, पाच वर्षं दर रविवारी इतिहासाची पुस्तकं रेकॉर्ड करतात, त्या सभासद नाहीत, फॉर्म कधी भरलाच नाही, मला कशाला मत म्हणाल्या. त्यांना मत नाही आणि कालच्या मुलाला आहे. ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी यावर नंतर तोडगा काढला, वर्षात निदान 42 दिवस नकाशावर काम केलं असेल तर वर्गणी न भरता सभासद होता येतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या निवडणुकीतही वर्गणी हा विषयच नाही, किती संपादनं केली त्यावर मत मिळतं. आपल्याकडे कलम 15 मध्ये "किंवा यादीवर सही" असं आहेच, म्हणजे घटनेत तशी तरतूद केली तर कामावरून सभासदत्व देता येऊ शकतं असं माझं मत आहे, पण ते निवडणुकीच्या मध्ये करायचं नसतं. मी ते लिहून पुढच्या कार्यकारिणीकडे ठेवलं.

20 ऑगस्टला दादरला विशेष सर्वसाधारण सभा घेतली, 44 माणसं प्रत्यक्ष आली, गणपूर्ती झाली, तहकूब करावी लागली नाही. घटनेतल्या "सभा ठरवेल त्या गुप्त पद्धतीने" या शब्दांचा आधार घेऊन दोन गोष्टी ठरवल्या, मतदान ऑनलाइन आणि सात दिवस चालू, आणि मत पसंतीक्रमाने, म्हणजे उमेदवारांना 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे द्यायचे.

पसंतीक्रमावर लोक बिचकले, ते राज्यसभेचं किचकट गणित कशाला म्हणून. मी फळ्यावर मांडलं. सात जागा आणि प्रत्येकाला सात मतं दिली आणि समजा 96 जणांनी मतदान केलं, तर 49 जणांचा गट सातच्या सात जागा नेतो, 47 जणांच्या हातात काहीच राहत नाही. पसंतीक्रमात तसं होत नाही. 2022 च्या जूनमधली महाराष्ट्रातली राज्यसभेची निवडणूक लोकांच्या लक्षात होती, रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसलेले सगळे, सहाव्या जागेला पहिल्या पसंतीत मागे असलेला उमेदवार पुढच्या पसंतीच्या मतांवर निवडून आला. तीच पद्धत, फक्त आमदारांच्या जागी आपण. एकदा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, कळला की लोकांना आवडतं हे, माझा अनुभव आहे. आणि ज्या संस्थेत दोन खरे विचार आहेत तिथे दोघांनाही टेबलावर जागा मिळायला हवी, मला तरी हीच पद्धत योग्य वाटते.

आता मतपत्रिका. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आमच्या 131 मतदारांमध्ये 27 जण दृष्टिहीन. आम्ही एक तयार ऑनलाइन मतदान सेवा घेतली होती, दिसायला छान होती, नावांची रंगीत कार्डं, बोटाने ओढून वर-खाली लावायची. खरं मतदान ठेवलं होतं विसर्जन झाल्यावर, 2 ते 8 ऑक्टोबर, कारण गणपतीत कोणी मत द्यायला बसत नाही. पण 24 सप्टेंबरला, गणपतीतल्या रविवारी, मी आग्रहाने चाचणी मतदान घेतलं, उमेदवारांच्या जागी फळांची नावं. वांगणीला राहणारे आमचे एक सभासद आहेत, दादा म्हणतो आम्ही त्यांना, लोकलने रोज मुंबईला येतात. त्यांचा फोन आला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक कार्डावर फक्त "बटन, बटन" वाचतोय, ओढायचं म्हणजे कुठून कुठे ते कळत नाही, त्याआधी चित्रांचा कॅप्चा, कुठल्या चौकोनात सिग्नल आहे सांगा म्हणे, आणि दहा मिनिटांत सेशन संपतं. पंचवीस मिनिटं झटले ते. मग म्हणाले, ताई, जाऊ द्या ना, मी सांगतो, माझं मत तुम्हीच टाका.

मी नाही म्हटलं. खूप वाईट वाटलं मला त्या क्षणी. अंध मुलांना स्वतःच्या पेपरात स्वतःचं उत्तर लिहिता यावं म्हणून काढलेली संस्था, आणि तिच्याच निवडणुकीत अंध सभासद दुसऱ्याला म्हणतोय तुम्हीच टाका.

देशाच्या निवडणुकीत ईव्हीएमवर ब्रेलमध्ये आकडे असतात. 1961 च्या निवडणूक नियमांमध्ये 49 एन हा नियम आहे, दृष्टिहीन मतदार निदान 18 वर्षांचा सोबती घेऊन जाऊ शकतो, सोबत्याने गुप्तता पाळायचं लिहून द्यायचं, आणि एका दिवशी एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 11 निवडणूक आयोगाला सांगतं की मतदान केंद्रं पोचण्याजोगी आणि माहिती समजण्याजोगी पाहिजे. हे सगळं सरकारी निवडणुकीसाठी, आमच्यासारख्या संस्थेवर ते बंधनकारक नाही, पण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आमचा प्रश्न आधीच विचार करून सोडवला होता, मग आम्ही तो का घेऊ नये.

ती सेवा सोडली. ठाण्याचा आमचा एक सभासद सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने चार रात्री बसून साधा फॉर्म केला. प्रत्येक उमेदवाराच्या नावासमोर एक यादी, 1 ते 11 पैकी पसंतीचा आकडा निवडायचा, एवढंच. कॅप्चा नाही, एसएमएसवर आलेला कोड टाकायचा. वेळेचं बंधन नाही. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात ते आम्ही इतक्यांदा पर्यवेक्षकांना समजावलंय, मग आमच्याच फॉर्मला घड्याळ कशाला. एकच आकडा दोनदा पडला तर चूक कुठे आहे ते शब्दांत लिहून येतं, नुसती लाल चौकट नाही, लाल रंग स्क्रीन रीडरला कळत नाही. उमेदवारांचे जाहीरनामे स्कॅन केलेले होते, ते सगळे परत टाइप करून घेतले. संगणकावर एनव्हीडीए आणि मोबाईलवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरने सहा जणांनी तपासलं आणि वांगणीच्या दादांचं चाचणी मत चार मिनिटांत पडलं.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही असे तीन वयस्कर सभासद होते, त्यांना सोबती दिला, स्वतः निवडलेला, उमेदवार किंवा उमेदवाराच्या घरचा नको, आणि एका सोबत्याला एकच मतदार. आमच्याकडे तर सगळे लेखनिकच, सांगेल तेच लिहायचं याची सवय आहे लोकांना.

गुप्ततेचं असं केलं की नाव आणि कोड कोणाला गेला ही यादी एका माणसाकडे, कोड आणि मत हे दुसऱ्याकडे, दोघं दोन बाजूंचे, आणि दोघांनी आपापलं शीट एकमेकांना दाखवायचं नाही असं लेखी दिलं. टपाली मतदानात मतपत्रिकेचं पाकीट आतलं वेगळं आणि सहीचं बाहेरचं वेगळं असतं, तीच कल्पना. दोघं संगनमताने बसले तर हे फुटतं हे मी सभेत स्पष्ट सांगितलं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता.

8 ऑक्टोबरला रविवारी संध्याकाळी मोजणी, झूमवर सगळ्यांसमोर, आणि प्रत्येक फेरीचे आकडे मी मोठ्याने वाचत होते कारण शेअर केलेली स्क्रीन बऱ्याच जणांना दिसत नाही. 101 मतं पडली, पाच बाद, 96 वैध. राज्यसभेत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत 100 धरतात, आम्हीही तशीच धरली, म्हणजे 9600 भागिले 8 (सात जागांपेक्षा एक जास्त), अधिक 1, कोटा 1201. थोडक्यात 13 जणांनी पहिली पसंती दिली की माणूस आला. पहिल्याच उमेदवाराला 19 पत्रिका, म्हणजे 1900, वरचे 699 पुढच्या पसंतीला जायचे, ते 19 पत्रिकांत वाटून प्रत्येकी 36, उरलेला चिल्लर सोडून द्यायचा. हे समजावताना दहा मिनिटं गेली पण कोणी कंटाळलं नाही. शेवटी लेखनिकांवर भर म्हणणाऱ्यांचे तीन, रेकॉर्डिंगवाल्यांचे तीन, आणि सातव्या एक शिक्षिका, स्वतः दृष्टिहीन, कोणत्याच बाजूच्या नाहीत, पहिल्या पसंतीची फक्त नऊ मतं होती त्यांना, सहाव्या फेरीत दोन्हीकडच्या पसंत्यांवर आल्या. सहा वर्षांत कार्यकारिणीत आलेल्या त्या पहिल्या दृष्टिहीन सभासद. सात जागा सात मतं असं घेतलं असतं तर मला नाही वाटत त्या आल्या असत्या.

आणि ज्या 38 नावांवरून सगळं सुरू झालं त्यातल्या 14 जणांनी मत दिलं. कोणाला दिलं ते मला माहीत नाही.

निकालानंतरचं काम लोक विसरतात. विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आमच्यासाठी 6 जानेवारी 2024. कागद काढायला गेलो तर कळलं 2020 च्या बदलाचा रिपोर्ट कोणी दिलाच नव्हता, वरळीच्या रेकॉर्डवर अजून 2017 चेच सात, त्यातले एक वारलेले. मग आधी 2020 चा, विलंब माफीच्या अर्जासकट, आणि सोबत 2023 चा, नोटीस, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, नव्या सातही जणांची संमती. डिसेंबरात दोन्ही दाखल झाले.

मी कार्यकारिणीकडे चार गोष्टी लेखी दिल्या: मतदार यादीची तारीख निवडणुकीच्या नोटिशीच्या 90 दिवस आधीची धरा, सभासद अर्जांवर दर महिन्याला ठराव करा, काम करणाऱ्याला सहीवर सभासद करून घेण्याची तरतूद घाला, आणि मतदानाचा कुठलाही फॉर्म आधी दृष्टिहीन सभासदांकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नका. पहिल्या दोन झाल्या. चौथी झाली. तिसरीवर अजून चर्चा चालू आहे, आणि कुर्ल्याच्या बाईंचं रविवारचं रेकॉर्डिंग पण.